घटक ६ : हसू आणि हसे – वयात येण्याच्या अल्पखर्ची मराठी विनोदी चित्रपटांचा अभ्यास

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.
• ‘वयात येण्याची गोष्ट’ ही संकल्पना साहित्य व चित्रपट यांच्या संदर्भात स्पष्ट करता येईल.
• ‘अल्पखर्ची’ आणि ‘स्वतंत्र’ या दोन विशेषणांतील फरक सांगता येईल.
• चित्रपटातील विनोदाची दिशा ओळखून ‘हसू’ आणि ‘हसे’ यांतील भेद उदाहरणांसह मांडता येईल.
• ‘स्थळ’ या चित्रपटाचे या दृष्टीने विवेचन करता येईल.
• बोलीचा विनोदासाठी होणारा वापर व गैरवापर यांची चिकित्सा करता येईल.

६.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकात आपण साहित्यकृती आणि तिचे माध्यमांतर यांचा विचार केला. या घटकात चित्रपट हीच एक स्वतंत्र संहिता मानून तिचा अभ्यास करायचा आहे. त्यासाठी एक लहानसा प्रकार निवडला आहे : थोड्या पैशांत तयार झालेला, मुलाच्या किंवा मुलीच्या मोठे होण्याची गोष्ट सांगणारा आणि ती हसत हसत सांगणारा मराठी चित्रपट.

हा प्रकार निवडण्याचे एक कारण आपल्या परिसराशी निगडित आहे. यवतमाळ जिल्ह्याचे नाव राज्याबाहेरच्या वृत्तपत्रांत येते ते बहुधा कापसाच्या भावामुळे किंवा शेतकरी आत्महत्यांमुळे. दुसरीकडे, नाटक-सिनेमात वऱ्हाडी बोलणारे पात्र येते ते पुष्कळदा नोकर, भोळा पाहुणा किंवा गंमतीचा गावकरी म्हणून. म्हणजे बाहेरच्या नजरेला या प्रदेशातील माणसाचे दोनच चेहरे ठाऊक आहेत : एक कीव करण्याचा, दुसरा खिल्ली उडवण्याचा. वणी, पुसद, घाटंजी किंवा उमरखेड येथील एखादी मुलगी परीक्षेची तयारी करते, भावाशी भांडते, आरशात पाहून स्वतःवरच रुसते, ही अगदी साधी गोष्ट या दोन्ही चेहऱ्यांच्या मध्ये हरवून जाते.

वयात येण्याचा विनोदी चित्रपट ही हरवलेली साधी गोष्ट परत मिळवून देऊ शकतो, असे या घटकाचे प्रतिपादन आहे. मात्र त्यासाठी एक अट आहे. त्यातील हसणे कोणाकडून कोणाकडे जाते, हे पाहावे लागते.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ ‘वयात येणे’ : शब्द आणि संकल्पना

युरोपीय साहित्यात नायकाच्या जडणघडणीची कादंबरी हा एक मान्य प्रकार आहे. त्यासाठी ‘बिल्डुंग्सरोमान’ ही जर्मन संज्ञा वापरली जाते आणि गटेची विल्हेल्म माइस्टरविषयीची कादंबरी तिचा आरंभबिंदू मानली जाते. घर सोडणे, चुका करणे, भ्रम गळून पडणे आणि जगाशी काही एक समझोता होणे, असा या कथांचा सर्वसाधारण आलेख असतो. मराठीत भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) आणि मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) या कादंबऱ्या या दृष्टीने वाचता येतात. दोन्हींत विनोद आहे. ‘कोसला’मधील विनोद पोकळी झाकतो, तर ‘शाळा’तील विनोद नववीतल्या मुलांच्या टोळीला एकत्र बांधून ठेवतो. ‘शाळा’वरील सुजय डहाके दिग्दर्शित चित्रपट २०१२ मध्ये प्रदर्शित झाला.

आता आपल्या भाषेकडे पाहू. मोठे होण्यासाठी मराठीत मुलाला एक शब्द आहे आणि मुलीला दुसरा. मुलाला मिसरूड फुटते आणि तो ‘हाताशी येतो’, म्हणजे कामाला, कमाईला उपयोगी पडू लागतो. मुलगी ‘वयात येते’, ‘पदर येतो’ आणि मग ती ‘उजवली जाते’. मुलाच्या बाबतीत कर्ता तो स्वतः आहे. मुलीच्या बाबतीत क्रियापद कर्मणी होते आणि कर्ते वडीलधारे असतात. भाषेत दडलेला हा भेद चित्रपटांतही उतरला आहे. ‘शाळा’, ‘फँड्री’, ‘किल्ला’, ‘नाळ’, ‘आत्मपॅम्फ्लेट’ या सर्वांचे नायक मुलगे आहेत. खोड्या करणे, गाव भटकणे, एकतर्फी प्रेमात पडून फजिती करून घेणे या गोष्टी मुलाला शोभतात असे समाज मानतो. त्यामुळे विनोदाला लागणारी मोकळीक मुलग्यांच्या कथांना आयती मिळते. मुलीच्या मोठे होण्याची विनोदी गोष्ट सांगू पाहणाऱ्याला ही मोकळीक नसते. त्याला विनोद दुसरीकडे शोधावा लागतो. तो कोठे सापडतो, हे ‘स्थळ’च्या विवेचनात आपण पाहणार आहोत.

६.३.२ ‘अल्पखर्ची’ आणि ‘स्वतंत्र’

ही दोन विशेषणे अनेकदा एकत्र वापरली जातात, पण ती समानार्थी नाहीत. ‘अल्पखर्ची’ हे निर्मितीच्या खर्चाविषयीचे विशेषण आहे. ‘स्वतंत्र’ हे निर्णयाविषयीचे आहे. कथा काय असावी, कलावंत कोण असावेत, शेवट कसा असावा, हे मोठ्या निर्मितीसंस्थेच्या संमतीशिवाय ठरत असेल तर तो चित्रपट स्वतंत्र म्हणता येतो. या घटकात उल्लेखलेले सर्वच चित्रपट काटेकोर अर्थाने स्वतंत्र नाहीत. ‘एलिझाबेथ एकादशी’ आणि ‘आत्मपॅम्फ्लेट’ यांच्यामागे मोठ्या संस्था उभ्या होत्या. तरीही त्यांचा आकार, विषय आणि नवोदित बालकलावंतांवरील विश्वास यांमुळे ते याच परंपरेत बसतात.

ही परंपरा एकाएकी उभी राहिली नाही. साने गुरुजींच्या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी निर्माण केलेल्या ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. एका मुलाच्या घडणीचीच ती कथा होती. त्यानंतर असा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मराठी चित्रपटाच्या वाट्याला पुन्हा येण्यास अर्धे शतक लागले. तो संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला २००४ मध्ये मिळाला. त्याही चित्रपटाच्या केंद्रस्थानी एक लहान मुलगा होता. या यशानंतर मर्यादित पैशांत, परिचित चेहऱ्यांशिवाय, आपल्या गावची गोष्ट सांगण्याचे धाडस अनेकांना झाले. भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’साठी स्वतःची शेतजमीन विकली, ही घटना या धाडसाची किंमत सांगणारी आहे.

पैसा कमी असला की चित्रपटाचे रूपही बदलते. हा बदल चार ठिकाणी दिसतो.

पहिला बदल स्थळात होतो. नेपथ्य उभारणे परवडत नाही, म्हणून खरे घर, खरी शाळा, खरे शेत वापरले जाते. भिंतीवरचे कॅलेंडर आणि ओसरीवरची पोती आपोआप कथेत शिरतात.

दुसरा बदल कलावंतांत होतो. अभिनयाचा पूर्वानुभव नसलेली स्थानिक माणसे निवडली जातात. त्यांचे चेहरे प्रेक्षकाने आधी पाहिलेले नसतात, त्यामुळे पात्राविषयी पूर्वग्रह राहत नाही.

तिसरा बदल कथानकात होतो. मोठ्या घटना घडवता येत नाहीत, म्हणून एखादी साधी वस्तू कथेचा आस बनते. ‘एलिझाबेथ एकादशी’त ती सायकल आहे, ‘टिंग्या’त बैल आहे, ‘फँड्री’त काळी चिमणी आहे.

चौथा बदल विनोदात होतो. प्रचंड गोंधळ, पाठलाग, वेषांतरे यांवर आधारलेला विनोद खर्चिक असतो. निरीक्षणाचा विनोद स्वस्त असतो. दोन माणसांच्या बोलण्यातील विराम, खुर्चीवर अवघडून बसलेला पाहुणा किंवा उत्तर पाठ करून आलेली मुलगी एवढ्यावर तो उभा राहतो.

याचे बोलके विदेशी उदाहरण म्हणजे स्कॉटलंडचे दिग्दर्शक बिल फोरसिथ यांचा ‘ग्रेगरीज गर्ल’ (१९८१). शाळेच्या फुटबॉल संघात डोरोथी नावाची मुलगी येते, आघाडीची जागा पटकावते आणि ग्रेगरी हा उंच, धांदरट मुलगा तिच्या प्रेमात पडतो. एवढीच ही गोष्ट आहे. फोरसिथ यांनी ग्लासगोच्या युवा नाट्यगटातील मुलांना घेऊन काम केले होते. पुढे अमेरिकेत प्रदर्शित करताना या चित्रपटातील स्कॉटिश उच्चार सौम्य करून संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आले. मुलांचे वय जगभर कळले, पण त्यांची बोली मात्र ‘सुधारून’ घ्यावी लागली! हा मुद्दा आपल्याला पुढे वऱ्हाडीच्या संदर्भात उपयोगी पडणार आहे.

६.३.३ हसू आणि हसे : विनोदाची दिशा

मराठीत ‘हसू येणे’ आणि ‘हसे होणे’ असे दोन वेगळे वाक्प्रयोग आहेत. हसू माणसाला आतून येते. हसे मात्र चारचौघांत होते, आणि ते ज्याचे होते तो स्वतः हसत नसतो. वयात येण्याच्या काळात या दोहोंतील अंतर फार कमी असते. आवाज फुटलेला मुलगा वर्गात कविता म्हणू लागला की इतरांना हसू येते आणि त्याचे हसे होते.

या भेदावरून विनोदाच्या तीन दिशा मानता येतील.

(अ) वरून खाली : सत्ता, जात, शहर किंवा पैसा यांच्या बळावर दुर्बलाला हसणे. याचे फलित ‘हसे’ असते.
(आ) बरोबरीने : पात्रांच्या सोबत राहून, त्यांच्या फजितीत स्वतःची फजिती ओळखून हसणे. याचे फलित ‘हसू’ असते.
(इ) खालून वर : ज्याचे हसे केले जाते त्यानेच हसे करणाऱ्यांच्या रीतीभातींकडे पाहून हसणे. याला आपण उपरोध म्हणतो.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (प्रदर्शन २०१४) या चित्रपटात या दिशांचा संघर्ष स्पष्ट दिसतो. जब्या हा कैकाडी समाजातील मुलगा. शालूचे मन जिंकण्यासाठी तो काळ्या चिमणीच्या शोधात रानोमाळ हिंडतो. या भागात आपले हसणे बरोबरीचे असते. शेवटी जब्याच्या कुटुंबाला गावात डुक्कर पकडण्याचे काम करावे लागते आणि सारा गाव त्याचा तमाशा पाहतो. आता गाव हसत असते, ते वरून खाली. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच डुकरामागे धावणारे कुटुंब जागीच ताठ उभे राहते. येथे आपल्याला हसू येते आणि लगेच घशात अडकते. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. आतापर्यंत हसणाऱ्यांत आपणही होतो का, हा प्रश्न तो दगड प्रेक्षकाला विचारतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
पुढील विधाने चूक की बरोबर ते सांगा.
१. प्रत्येक अल्पखर्ची चित्रपट हा स्वतंत्र चित्रपट असतो.
२. ‘हसे होणे’ या प्रयोगात ज्याचे हसे होते तो स्वतः हसत नसतो.
३. ‘फँड्री’च्या शेवटी गावकऱ्यांचे हसणे ‘बरोबरीने’ या दिशेचे आहे.

६.३.४ ‘स्थळ’ : एका पाटाची गोष्ट

जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ हा चित्रपट २०२३ मध्ये टोरांटो येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवात प्रथम दाखवण्यात आला. तेथे त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा ‘नेटपॅक’ पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत तो मार्च २०२५ मध्ये आला. चित्रीकरण चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे झाले आणि त्यातील कलावंत अव्यावसायिक आहेत. चंद्रपूर व यवतमाळ हे जिल्हे वर्धा नदीने विभागलेले असले तरी दोन्ही काठांवर कापूसच पिकतो. त्यामुळे वणी किंवा मारेगाव तालुक्यातील विद्यार्थ्याला या चित्रपटातील ओसरी, शेत आणि काळजी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

चित्रपटाचे नावच अभ्यासण्यासारखे आहे. ‘स्थळ’ म्हणजे जागा आणि ‘स्थळ’ म्हणजे विवाहासाठी सुचवलेला वर किंवा वधू. एकाच शब्दात गाव आणि सोयरीक सामावलेली आहे. मुलीच्या बाबतीत मोठे होणे म्हणजे एका स्थळी वाढणे आणि स्थळ म्हणून पाहिले जाणे.

कथानक थोडक्यात असे : सविता ही कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी पदवीचे शिक्षण घेत आहे. तिला स्पर्धा परीक्षा देऊन नोकरी करायची आहे. महाविद्यालयात स्त्रीच्या सक्षमीकरणाची चर्चा चालते आणि घरी तिच्यासाठी स्थळे पाहणे चालते. पाहुणे येतात, पुरुष मंडळी रांगेत बसतात, ती पाणी आणि चहा-पोहे घेऊन येते, समोरच्या पाटावर बसते आणि ठरावीक प्रश्नांना ठरावीक उत्तरे देते. नाव, शिक्षण, उंची, आवड, शेतातली कामे. मग निरोप येतो. सावळा रंग, कमी उंची अशी कारणे पुढे होतात. काही काळाने दुसरे पाहुणे येतात आणि सारे पुन्हा घडते.

आता या रचनेतील विनोदाचे विश्लेषण करू.

पुनरावृत्ती : फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हास्यविषयक ग्रंथात असे मांडले की, जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की तो हास्यास्पद होतो. ‘स्थळ’मधील बघण्याचा कार्यक्रम हे असेच यंत्र आहे. पहिल्या खेपेस प्रेक्षक सवितेबरोबर अवघडतो. दुसऱ्या खेपेस प्रश्न ओळखीचे वाटतात. त्यानंतर पुढचा प्रश्न येण्याआधीच तो आपल्याला ठाऊक असतो आणि सभागृहात हसू फुटते. हे हसू सवितेला उद्देशून नसते. माणसे बदलली तरी वाक्ये बदलत नाहीत, त्या रीतीला ते उद्देशून असते. म्हणून या विनोदाची दिशा खालून वर आहे.

उलटापालट : चित्रपटाच्या आरंभी एक स्वप्नदृश्य आहे. त्यात बायका रांगेत बसल्या आहेत आणि मुलाला समोर बसवून प्रश्न विचारत आहेत. प्रश्न तेच, थाटही तोच, फक्त जागा बदललेल्या. हे दृश्य पाहून आपण हसतो. थोड्याच वेळात तेच प्रश्न सवितेला विचारले जातात तेव्हा कोणालाही ते विचित्र वाटत नाहीत. मुलाच्या बाबतीत जे हास्यास्पद ठरले ते मुलीच्या बाबतीत स्वाभाविक कसे, हा प्रश्न एकही भाषण न देता उभा राहतो.

कापूस : सवितेच्या विवाहाचा प्रश्न घरच्या पिकाशी जोडलेला आहे. भाव चांगला मिळाला तर हुंड्याची जुळवाजुळव होईल, अशी वडिलांची आशा असते. बाजारात कापूस पाहिला जातो, घरात मुलगी पाहिली जाते. दोन्हींकडे पाहणारा दोष काढतो आणि भाव पाडतो. हे साम्य सरळ शब्दांत सांगितले असते तर ते बोधवाक्य झाले असते. रचनेतून ते आपोआप जाणवते. वडील येथे खलनायक नाहीत, हेही लक्षात घ्यावे. ते मुलीवर माया करणारे आणि रीतीपुढे हतबल झालेले आहेत. खलनायक नसणे हे चांगल्या वास्तववादी विनोदाचे लक्षण आहे.

सविता स्वतः फारशी खोडकर नाही. मुलग्यांच्या कथांत नायक गोंधळ घालतो आणि मोठी माणसे त्याला आवर घालतात. येथे गोंधळ मोठी माणसे घालतात आणि नायिका शांत बसून तो पाहते. मुलीला मोकळीक नसल्याने विनोद तिच्या वागण्यात ठेवता येत नाही. दिग्दर्शकाने तो तिच्या नजरेत ठेवला आहे. ६.३.१ मध्ये उपस्थित केलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

६.३.५ तुलनेसाठी तीन चित्रपट

(१) ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) : सतीश मन्वर दिग्दर्शित हा चित्रपट विदर्भातील कापूस पट्ट्यात घडतो. शेजारच्या शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर अलका आपल्या नवऱ्याच्या, किसनाच्या, बाबतीत धास्तावते. तो गप्प बसला तरी तिला भीती वाटते. त्याला खूश ठेवण्यासाठी ती गोडधोड करते आणि लहानग्या दिनूला सतत त्याच्या मागावर पाठवते. किसनाला या पाळतीचे कारण कळत नाही आणि त्यातून विनोद निर्माण होतो. दिनूची भूमिका दुय्यम असली तरी आपल्या विषयासाठी ती महत्त्वाची आहे. बापाने मुलाला सांभाळायचे, ही रीत येथे उलटली आहे. मूल अकाली मोठे होते ते असे. या चित्रपटातील हसू भीतीच्या कडेवर बसलेले आहे. ज्या विषयावर केवळ कीव अपेक्षित असते, त्या विषयातील माणसांना तो नवरा-बायको, सासू-सून, बाप-लेक म्हणून पुन्हा उभे करतो.

(२) ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) : परेश मोकाशी यांचा हा चित्रपट पंढरपुरात घडतो. दिवंगत वडिलांनी ज्ञानेशसाठी तयार केलेल्या सायकलीचे नाव एलिझाबेथ. आईचे विणकामाचे यंत्र कर्जापायी अडकते आणि सायकल विकण्याची वेळ येते. ती वाचवण्यासाठी मुले कार्तिकी एकादशीच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. न्यूटनला संतांच्या पंगतीत बसवणारा ज्ञानेश आपल्याला हसवतो, कारण त्याचे तर्क त्याच्या वयापुरते अगदी चोख आहेत. गरिबी येथे आहे, पण ती दयेची याचना करत नाही. ही बरोबरीच्या हसण्याची दिशा आहे. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

(३) ‘नाळ’ (२०१८) : सुधाकर रेड्डी यक्कंटी दिग्दर्शित या चित्रपटात विदर्भातील नदीकाठच्या खेड्यातल्या चैत्याला कळते की, आपली आई ही आपली जन्मदाती नाही. त्यानंतर रोजच्या प्रत्येक गोष्टीकडे तो संशयाने पाहू लागतो. आईचे रागावणे हा त्याला पुरावा वाटतो. या बालतर्काचे आपल्याला हसू येते आणि त्याच वेळी मायेचा खरा आधार रक्त की सहवास, हा गंभीर प्रश्न आकार घेतो. सर्वोत्कृष्ट पदार्पणाचा आणि श्रीनिवास पोकळे याला बालकलावंताचा, असे राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाने मिळवले.

या तिघांच्या जोडीला आशिष बेंडे यांच्या ‘आत्मपॅम्फ्लेट’चा (२०२३) उल्लेख करायला हवा. त्यात मोठा झालेला निवेदक आपल्याच बालपणाकडे वळून पाहतो आणि शाळकरी प्रेमाच्या गमतीतून जात-धर्माच्या भिंती दाखवतो. स्वतःवर हसणे ही ‘बरोबरीने’ या दिशेचीच एक छटा होय.

६.३.६ बोली : विनोदाचे साधन की विनोदाचा विषय?

वऱ्हाडीत ‘मला, तुला’ ऐवजी ‘मले, तुले’ असे प्रयोग होतात. ‘डोळा’ या शब्दातील ‘ळ’चा उच्चार ‘य’ होऊन ‘डोया’ असे ऐकू येते. ‘का’ ऐवजी ‘काहून’, ‘मुलगा’ ऐवजी ‘पोट्टा’ म्हटले जाते. ही या बोलीची नियमबद्ध लक्षणे आहेत, चुका नव्हेत. उद्धव शेळके यांनी ‘धग’ (१९६०) या कादंबरीत वऱ्हाडीला दुःखाची आणि स्वाभिमानाची भाषा म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली, हे आपल्याला ठाऊक आहे.

“मले पुढं शिकाचं हाय” हे वाक्य घ्या. एखाद्या हलक्याफुलक्या नाटकात दुय्यम पात्र हे वाक्य उच्चारते तेव्हा प्रेक्षक ‘मले’ या उच्चारालाच हसतात. वाक्याचा अर्थ कोणी ऐकत नाही. तेच वाक्य जर कथेची नायिका म्हणत असेल आणि तिच्याभोवतीचे सगळेच त्या बोलीत बोलत असतील, तर ‘मले’ हा उच्चार हास्याचा विषय राहत नाही. मग वाक्यातील इच्छा ऐकू येते. बोली विनोदाचे साधन आहे की विषय, हे ओळखण्याची ही साधी कसोटी आहे. बोलणाऱ्या पात्राला प्रमाणभाषेशेजारी एकटे उभे केले आहे, की त्याच्या भाषिक समाजासह उभे केले आहे, ते पाहावे.

‘ग्रेगरीज गर्ल’चे उच्चार अमेरिकेसाठी बदलले गेले, हे आपण पाहिले. वैदर्भी चित्रपट त्याच बोलीत महाराष्ट्रभर दाखवले जातात, ही समाधानाची बाब आहे. तरी एक सावधगिरी बाळगावी लागते. दिग्दर्शकाने बोलीचा आदर राखला तरी दुसऱ्या प्रदेशातील प्रेक्षक सवयीने तिला हसू शकतात. हसण्याची दिशा संहितेत ठरते, तशीच ती प्रेक्षागृहातही ठरते.

६.३.७ मर्यादा

या चित्रपटप्रकाराचे मूल्यमापन करताना तीन मर्यादा लक्षात घ्याव्यात. पहिली वितरणाची. ‘स्थळ’ टोरांटोत दाखवला गेल्यानंतर महाराष्ट्रात पोहोचायला सुमारे दीड वर्ष लागले. ज्या लोकांची ही गोष्ट आहे त्यांच्या तालुक्यात तो लागेलच, याची हमी नसते. दुसरी मर्यादा गोडव्याची. बालपणाच्या गमतीत रमताना अभाव ‘गोंडस’ दिसू लागण्याचा धोका असतो. तिसरी मर्यादा विषयाच्या आवाक्याची. मुलींच्या मोठे होण्याच्या विनोदी कथा अजूनही मोजक्याच आहेत.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
१. ‘स्थळ’ या शीर्षकातील दुहेरी अर्थ स्पष्ट करा.
२. ‘स्थळ’मधील स्वप्नदृश्यातून कोणता प्रश्न उभा राहतो?
३. ‘गाभ्रीचा पाऊस’मधील दिनू अकाली मोठा होतो, असे का म्हटले आहे?

६.४ सारांश

वयात येण्याची गोष्ट म्हणजे भ्रमाकडून जाणिवेकडे होणारा प्रवास. मराठी भाषेतच हा प्रवास मुलासाठी कर्तरी आणि मुलीसाठी कर्मणी आहे, आणि चित्रपटांत त्याचे प्रतिबिंब पडले आहे. अल्पखर्चामुळे खरी स्थळे, नवे चेहरे, साध्या वस्तूंभोवतीची कथानके आणि निरीक्षणाचा विनोद या गोष्टी पुढे येतात. विनोदाची दिशा वरून खाली, बरोबरीने किंवा खालून वर असू शकते. ‘फँड्री’ या दिशांचा संघर्ष दाखवतो, ‘एलिझाबेथ एकादशी’ बरोबरीचे हसू देते आणि ‘स्थळ’ रीतीकडे खालून वर पाहून हसते. कीव आणि खिल्ली या दोहोंच्या पलीकडे जाऊन आपल्या परिसरातील माणसाला साधे, सामान्य आणि पूर्ण माणूस म्हणून पाहण्याची संधी हे चित्रपट देतात.

६.५ पारिभाषिक शब्द

अल्पखर्ची चित्रपट : मर्यादित निर्मितीखर्चात तयार झालेला चित्रपट.
स्वतंत्र चित्रपट : ज्याचे कलात्मक निर्णय मोठ्या निर्मितीसंस्थेच्या नियंत्रणाबाहेर घेतले जातात असा चित्रपट.
अव्यावसायिक कलावंत : अभिनय हा ज्यांचा व्यवसाय नाही असे कलावंत.
उपरोध : वरकरणी साधे वाटणारे, पण प्रस्थापित रीतीतील विसंगती उघड करणारे कथन.

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. चूक. २. बरोबर. ३. चूक (ते वरून खाली या दिशेचे आहे).

प्रश्न २ : १. ‘स्थळ’ म्हणजे जागा तसेच विवाहासाठी सुचवलेला वर किंवा वधू. मुलगी एका स्थळी वाढते आणि स्थळ म्हणून पाहिली जाते, हे शीर्षकातून सूचित होते. २. जे प्रश्न मुलाला विचारल्यास हास्यास्पद वाटतात, ते मुलीला विचारल्यास स्वाभाविक का वाटतात, हा प्रश्न उभा राहतो. ३. वडिलांनी मुलाला सांभाळण्याऐवजी दिनूवर वडिलांना सांभाळण्याची जबाबदारी येते. मोठ्यांची भीती त्याच्या खांद्यावर ठेवली जाते.

६.७ सरावासाठी स्वाध्याय

१. विनोदाच्या तीन दिशा सांगून त्यांची ‘फँड्री’च्या आधारे चर्चा करा.
२. ‘अल्पखर्चामुळे चित्रपटाचे रूप बदलते.’ या विधानाचे चार मुद्द्यांच्या आधारे स्पष्टीकरण करा.
३. ‘स्थळ’मधील पुनरावृत्ती आणि उलटापालट या तंत्रांचे विवेचन करा.

६.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा शेजारच्या दोन व्यक्तींशी बोला. त्यांपैकी एक आपल्याहून किमान वीस वर्षांनी मोठी असावी. ‘आपण आता मोठे झालो, असे तुम्हाला पहिल्यांदा केव्हा वाटले?’ हा एकच प्रश्न विचारा. उत्तर त्यांच्याच बोलीत, शब्द न बदलता, त्यांच्या संमतीने लिहून घ्या. सांगताना त्या व्यक्ती कोठे हसल्या, ते कंसात नोंदवा. ते हसू होते की कधी काळी झालेल्या हशाची आठवण होती, यावर दहा ओळी लिहा.

आपल्यापैकी काहींनी सवितेप्रमाणे पाटावर बसून उत्तरे दिलेली असतील. काहींनी समोरच्या रांगेत बसून प्रश्न विचारलेले असतील. संसार, शेती आणि नोकरी सांभाळून पुन्हा अभ्यासाकडे वळताना हे अनुभव बाजूला ठेवण्याची गरज नाही. या घटकाच्या अभ्यासात ते साहित्यच आहेत. संपर्कसत्राला येताना आपली नोंद सोबत आणावी आणि ती ज्या बोलीत लिहिली आहे त्याच बोलीत वर्गात वाचून दाखवावी.